पुनर्विकासात घराच्या रचनेचा तब्येतीवर आणि वीजबिलावर खरंच फरक पडतो का?

तुम्ही लिहिलंय की सोसायटी पुनर्विकासाला जातेय, सभेत चर्चा फक्त कार्पेट एरिया आणि कॉर्पसची, म्हणजे बिल्डरकडून मिळणाऱ्या एकरकमी निधीची होते. उजेड-वाऱ्याचा विषय काढला की "राहणाऱ्याला शिस्त असली की झालं, इमारतीचं काय एवढं?" असं ऐकवतात. वीज-पाणी वाचवणं हाही माणसाच्या संस्कारांचा भाग, असं त्यांचं म्हणणं.

फरक पडतो, आणि सभेतल्या मंडळींना वाटतो त्याच्या कितीतरी पट जास्त पडतो. मी आर्किटेक्ट आहे, मुंबईत बहुतेक पुनर्विकासाचीच कामं करते, त्यामुळे हे जरा सविस्तर लिहिते.

सगळ्यात जवळचं आणि सगळ्यात वाईट उदाहरण गोवंडी-मानखुर्दचं. रस्ते, रेल्वे, नाले अशा प्रकल्पांमुळे ज्यांची घरं गेली, त्या कुटुंबांना तिथल्या वसाहतींमध्ये २२५ चौरस फुटांची पक्की घरं मिळाली. नटवर पारेख कंपाउंड आणि लल्लूभाई कंपाउंड या त्यातल्या दोन. इमारती बहुमजली, आणि दोन इमारतींमधलं अंतर जेमतेम ३ मीटर. 'डॉक्टर्स फॉर यू' ही संस्था आणि आयआयटी मुंबई यांनी तिथे घरोघरी जाऊन पाहणी केली. या दोन वसाहतींत क्षयरोगाचं प्रमाण जवळच्याच पीएमजीपी वसाहतीपेक्षा कितीतरी जास्त निघालं. पीएमजीपीत इमारतींमध्ये अंतर बरं आहे, ऊन आत येतं. दाट वसाहतींतही खालच्या मजल्यांवर त्रास अधिक. क्षयाचे जंतू बंद, दमट, अंधाऱ्या हवेत टिकून राहतात. खेळती हवा असली की ते विरळ होतात आणि उन्हात मरतात. यात राहणाऱ्याच्या शिस्तीचा संबंध कुठे आला? कितीही टापटीप ठेवणारी बाई असली तरी समोरची भिंत तिला हलवता येत नाही.

अशा घरात सकाळी अकरा वाजता जाऊन बघा. स्वयंपाकघरात ट्यूबलाइट चालू, पंखा चालू. खिडकी बंद, कारण ती उघडली की समोरच्याची मोरी आणि डक्टमधला वास. दोरीवर ओले कपडे घरातच. पूर्वी हीच बाई दारात बसून तांदूळ निवडायची, गप्पा मारायची, मूल समोर खेळताना दिसायचं. आता ती आत दिव्याखाली तांदूळ निवडते आणि मुलाला टीव्हीसमोर बसवते. मुंबईतल्या पुनर्वसन इमारतींमधल्या वीजवापरावर आयआयटी मुंबई आणि केंब्रिज विद्यापीठाच्या संशोधकांनी काम केलंय, त्यातही हेच दिसतं. अंगणात, गल्लीत होणारी कामं घरात आली, मोकळी जागा गेली, म्हणून उपकरणं वाढली आणि बिलही. जुन्या वस्तीत सगळं छान होतं असं मी अजिबात म्हणत नाही. सार्वजनिक नळ आणि शौचालयाच्या रांगेत ज्यांनी दिवस काढले आहेत, त्यांना पक्क्या घराची किंमत कळते. पण संडास घरात आणताना ऊन बाहेर ठेवायची काहीच गरज नव्हती.

झाडाझुडपांचा मुद्दा पुष्कळांना हौसेचा वाटतो. त्यासाठी दोन अभ्यास सांगते. रॉजर उलरिच यांनी १९८४ साली 'सायन्स' या नियतकालिकात अमेरिकेतल्या पेनसिल्वेनियामधल्या एका रुग्णालयाचा अभ्यास छापला. सगळे पित्ताशयाची सारखीच शस्त्रक्रिया झालेले रुग्ण. काहींच्या खिडकीतून झाडं दिसत, काहींच्या खिडकीतून विटांची भिंत. झाडंवाले सरासरी लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामक औषधं कमी लागली. अभ्यास लहान होता, २३ जोड्यांचा, तरी नंतरच्या कितीतरी संशोधनाची सुरुवात तिथून झाली.

"चांगली माणसं चांगल्या जागा निवडतात, म्हणून तसं दिसतं," असा आक्षेप कोणी घेईल, तर त्याचं उत्तर शिकागोच्या सरकारी घरांमध्ये आहे. तिथे कोणती इमारत मिळणार हे रहिवाशांच्या हातात जवळजवळ नव्हतं. काही इमारतींसमोर झाडं टिकली होती, काहींसमोर नुसतं डांबर. इलिनॉय विद्यापीठाच्या फ्रान्सिस कुओ आणि विल्यम सुलिव्हन यांना असं दिसलं, की झाडं असलेल्या आवारात लोक जास्त वेळ बाहेर असतात आणि शेजाऱ्यांना जास्त ओळखतात. शेजाऱ्याला ओळखणारा माणूस जिन्यातल्या कचऱ्याबद्दलही बोलतो, हा माझा स्वतःचा अनुभव.

आता संस्कारांबद्दल. कोपनहेगनमध्ये सायकलवाल्यांना कारण विचारलं की बहुतेक जण सांगतात, झटपट पोचतो, सोपं पडतं. पर्यावरणासाठी म्हणणारे थोडेच. तिथे सायकलचा मार्ग गाड्यांच्या रस्त्यापेक्षा उंच आणि वेगळा असतो, म्हणून सायकल सोपी पडते. आणि पुणं तर एकेकाळी सायकलींचंच शहर होतं! पुणेकरांची पर्यावरणाची आवड काही आटली नाही, रस्ताच सायकलचा राहिला नाही.

तेव्हा सभेत जागरूकतेवर भाषण देऊ नका, नकाशा मागा. ७९अ च्या (सहकारी संस्था कायद्यातल्या कलमाखाली ठरवून दिलेल्या पुनर्विकासाच्या) प्रक्रियेत प्रस्ताव येतील तेव्हा, बिल्डर ठरायच्या आधी, लेखी विचारा: सगळ्यात खालच्या घराच्या स्वयंपाकघरात दुपारी बारा वाजता दिवा न लावता काम करता येईल का? शेजारच्या इमारतीपासून प्रत्यक्ष अंतर किती? हवा एका बाजूने आत आणि दुसऱ्या बाजूने बाहेर जाईल अशा खिडक्या किती घरांना आहेत? कपडे वाळत घालायला बाहेर जागा आहे का? जिना लॉबीत शिरताच दिसतो, त्याला खिडकी आहे, की तो जड दारामागे अंधारात ढकललाय? अंधारात असेल तर पहिल्या मजल्यावरचाही माणूस लिफ्टच वापरणार. आवारातली जुनी झाडं वाचवून पार्किंग बसतं का, हेही विचारा. बऱ्याचदा बसतं, पण आराखडा पक्का व्हायच्या आधी कोणी मागणी करावी लागते.

वीस-पंचवीस चौरस फूट कमी मिळून खिडकी मोकळी राहत असेल, तर मी ते घर घेईन, आणि माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक सोसायटीला हेच सांगते. नकाशा हातात आला की इथे टाका, बघून सांगते.