बी. फार्म.च्या दोन महाविद्यालयांपैकी कोणते?

प्रश्न : माझ्या मुलीने बारावी विज्ञान शाखेत भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व जीवशास्त्र हे विषय घेऊन चांगले गुण मिळवले आहेत. एमएचटी-सीईटीतील तिचे पर्सेंटाइल आणि मागील वर्षाचे कटऑफ पाहता बी. फार्म.साठी दोन महाविद्यालयांत तिला प्रवेश मिळेल असे वाटते. एक शासकीय असून जुने आहे, परंतु ते पुण्यापासून तीन-चार तासांवर दुसऱ्या जिल्ह्यात आहे. दुसरे खासगी विनाअनुदानित असून धायरीतील आमच्या घरापासून जवळ आहे. ते चार वर्षांपूर्वी सुरू झाले, इमारत व प्रयोगशाळा नव्या आहेत. तिच्या वडिलांचे म्हणणे असे की औषध कंपन्या पुण्यात आहेत, तेव्हा शिक्षणही पुण्यातच व्हावे. मला शुल्काची काळजी वाटते, म्हणून माझा कल शासकीय महाविद्यालयाकडे आहे. आम्ही इतर मागास वर्गातील असून कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत आहे. मुलीला पुढे एम. फार्म. करून औषधनिर्मितीतील संशोधनात काम करायचे आहे. निवड कशी करावी?
— एक आई, धायरी, पुणे

उत्तर : आपण दोन्ही महाविद्यालयांची नावे कळवली आहेत, ती येथे छापलेली नाहीत. पत्र वाचून माझे मत शासकीय महाविद्यालयाच्या बाजूने झाले आहे, मात्र आपण दिलेल्या कारणासाठी नव्हे. म्हणून आधी शुल्काविषयी लिहितो.

राज्य शासनाच्या ८ जुलै २०२४ च्या निर्णयानुसार आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग आणि इतर मागास वर्ग यांतील, कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न आठ लाख रुपयांपर्यंत असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्क पूर्णपणे माफ आहे. ही सवलत शासकीय महाविद्यालयांप्रमाणेच विनाअनुदानित महाविद्यालयांनाही लागू आहे. अट एवढीच की प्रवेश केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून, म्हणजे कॅपमधून झालेला असावा, व्यवस्थापन कोट्यातून नव्हे. खासगी अभिमत विद्यापीठे व स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठे यांतून वगळलेली आहेत, त्यामुळे पुण्यातील महाविद्यालय अशा विद्यापीठाचा भाग नाही ना, एवढे पाहून घ्यावे. सवलत मिळाली तर आपला हिशेब उलटतो. पुण्यात घरी राहून शिकताना विकास शुल्क व किरकोळ खर्च उरेल, तर शासकीय महाविद्यालयात शुल्क नाममात्र असले तरी वसतिगृह, मेस आणि येण्याजाण्याचा खर्च चार वर्षे करावा लागेल. अल्पभूधारक शेतकरी किंवा नोंदणीकृत कामगार यांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना आहे. आपण त्यात बसत असाल तर महाडीबीटी संकेतस्थळावर तोही अर्ज करावा. जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र व नॉन-क्रिमीलेअर प्रमाणपत्र आजच हातात नसतील तर बाकी सर्व बाजूला ठेवून ती कामे आधी करावीत, कारण चांगले गुण असूनही या कागदांअभावी हक्काची जागा गेल्याची उदाहरणे दरवर्षी ऐकू येतात.

तेव्हा शुल्क हा निर्णायक मुद्दा राहत नाही. अभ्यासक्रमही राहत नाही. फार्मसी कायदा १९४८ चा असून, त्याखाली स्थापन झालेल्या भारतीय औषधनिर्माणशास्त्र परिषदेने, म्हणजे पीसीआयने, बी. फार्म.चा आठ सत्रांचा अभ्यासक्रम देशभरासाठी ठरवून दिलेला आहे. विद्यापीठ कोणतेही असो, पहिल्या सत्रातील शरीरशास्त्रापासून सातव्या सत्रातील प्रॅक्टिस स्कूलपर्यंत आराखडा तोच असतो आणि पदवीनंतर राज्याच्या फार्मसी परिषदेकडे होणारी नोंदणीही सारखीच असते. एकाच राज्यातील दोन महाविद्यालयांत फरक पडतो तो शिकवणारे कोण आहेत, प्रयोग खरोखर होतात का आणि वर्गात आजूबाजूला कोण बसते, यामुळे.

नव्या महाविद्यालयाच्या बाबतीत त्याआधी एक कायदेशीर तपासणी करायला हवी. पीसीआयने २०१९ मध्ये नवी फार्मसी महाविद्यालये सुरू करण्यावर पाच वर्षांची बंदी घातली होती. ती २०२२ मध्ये न्यायालयाने रद्द ठरवली आणि त्यानंतर राज्यात नव्या महाविद्यालयांची संख्या झपाट्याने वाढली. त्यांतील कित्येक चांगलीही असतील. परंतु अभ्यासक्रम चालवण्याची वर्षनिहाय परवानगी आणि फार्मसी कायद्याच्या कलम १२ खालील मान्यता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, व पदवीधराची फार्मासिस्ट म्हणून नोंदणी दुसरीवर अवलंबून असते. पुण्यातील महाविद्यालयाची पहिली तुकडी नुकतीच बाहेर पडली असणार. त्या तुकडीच्या परीक्षेला कलम १२ ची मान्यता मिळाली आहे का, हे पीसीआयच्या संकेतस्थळावरील यादीत पाहावे आणि प्राचार्यांना पत्राची प्रत दाखवण्याची विनंती करावी. या प्रश्नाचे थेट उत्तर मिळत नसेल तर ते महाविद्यालय पसंतीक्रमात वर ठेवू नये. एनबीएचे, म्हणजे राष्ट्रीय मानांकन मंडळाचे, मानांकन नसणे हा मात्र नव्या महाविद्यालयाचा दोष मानू नये, कारण त्यासाठी आधी विद्यार्थ्यांच्या किमान दोन तुकड्या पदवी घेऊन बाहेर पडाव्या लागतात. तसेच माहितीपत्रकावर एआयसीटीईचा, म्हणजे अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेचा, उल्लेख नाही म्हणून घाबरण्याचेही कारण नाही. फार्मसी शिक्षणाच्या मान्यतेचा अधिकार पीसीआयचाच असल्याचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२० मध्ये दिला आहे.

आता दोन्ही ठिकाणी प्रत्यक्ष जावे, मुलीला बरोबर न्यावे आणि शक्यतो प्रयोगशाळा चालू असताना, दुपारच्या प्रॅक्टिकलच्या वेळी जावे. चकचकीत ओटे आणि काचेची कपाटे पाहून काही कळत नाही. फार्मास्युटिक्सच्या, म्हणजे औषधाला गोळी-सिरपसारखे रूप देण्याच्या शास्त्राच्या, प्रयोगशाळेत गोळ्या तयार करण्याचे यंत्र आणि गोळी किती वेगाने विरघळते हे तपासणारे डिसोल्यूशनचे उपकरण कुठे आहे ते विचारावे व विश्लेषणाच्या विभागात मिश्रणातील घटक वेगळे करून मोजणाऱ्या एचपीएलसी यंत्राजवळचे लॉगबुक पाहायला मागावे. प्रत्येक वापराची तारीख, नमुना आणि वापरणाऱ्याचे नाव त्यात लिहिलेले असते. ज्या यंत्राच्या नोंदवहीत आठवड्याआठवड्याला विद्यार्थ्यांची नावे दिसतात ते यंत्र शिकवण्यासाठी आहे. ज्याची शेवटची नोंद मागच्या तपासणीच्या सुमाराची आहे ते दाखवण्यासाठी आहे, मग ते कितीही महाग असो. तिसऱ्या वर्षाच्या एखाद्या विद्यार्थिनीकडे तिचे प्रॅक्टिकलचे जर्नल मागावे. प्रत्येकाच्या जर्नलमध्ये निरीक्षणांचे आकडे थोडे वेगळे असतील तर प्रयोग हाताने झाले आहेत. सगळ्यांचे आकडे दशांशापर्यंत तेच असतील तर अर्थ उघड आहे. एका तुकडीत किती जण उभे असतात आणि त्यांच्यासाठी किती शिक्षक हजर असतात तेही मोजावे. विसाच्या पुढे संख्या गेली की मागे उभ्या असलेल्या मुलींच्या हाती पिपेट क्वचितच येते. औषधक्रियाशास्त्रातील प्राण्यांवरचे प्रयोग संगणकावर किंवा चित्रफितीतून दाखवतात, हे पाहून मात्र नाराज होऊ नये. सध्याच्या अभ्यासक्रमातच तशी तरतूद आहे.

शिक्षकांचा प्रश्न दोन्हीकडे वेगवेगळ्या स्वरूपात असतो. शासकीय महाविद्यालयांत पदे रिक्त राहतात, बदल्या होतात व कंत्राटी शिक्षकांवर काम चालते. खासगी महाविद्यालयांत शिक्षक वर्ष-दोन वर्षांत नोकरी बदलतात. म्हणून महाविद्यालयाच्या संकेतस्थळावरील शिक्षकांची यादी घेऊन शेवटच्या वर्षातील दोन-तीन विद्यार्थ्यांना विचारावे की यांपैकी कोणी तुम्हाला सलग दोन वर्षे शिकवले. आपल्या मुलीला औषधनिर्मितीच्या संशोधनाकडे जायचे असल्याने फार्मास्युटिक्स आणि फार्मास्युटिकल अ‍ॅनालिसिस हे दोन विभाग विशेष पाहावेत. तेथे एम. फार्म. व पीएच. डी.चे विद्यार्थी काम करत असतील तर पदवीच्या मुलांनाही त्यांच्याकडून फार शिकायला मिळते, आणि जुन्या शासकीय महाविद्यालयाची माझ्या मते हीच मोठी जमेची बाजू आहे. दुसरी बाजू सहाध्यायांची. वरचा कटऑफ असलेल्या वर्गात जीपॅटचा, म्हणजे एम. फार्म.च्या प्रवेशासाठीच्या राष्ट्रीय परीक्षेचा, अभ्यास करणाऱ्या मुलांचे गट आपोआप तयार होतात. एम. फार्म.साठी जीपॅट महत्त्वाची आहे. त्यात पात्र ठरलेल्या पूर्णवेळ विद्यार्थ्याला एआयसीटीईकडून दरमहा १२,४०० रुपये विद्यावेतन मिळते, आणि मोहाली, अहमदाबाद, हैदराबाद येथील नायपर या राष्ट्रीय औषधनिर्माण शिक्षण व संशोधन संस्थांच्या प्रवेशाची वाटही याच परीक्षेवरून जाते. तेव्हा दोन्ही महाविद्यालयांना प्लेसमेंटच्या आकड्याऐवजी मागील वर्षी जीपॅट किती जण उत्तीर्ण झाले आणि ते पुढे कोठे गेले, हे विचारावे. नव्या महाविद्यालयाला याचे पुरेसे उत्तर अजून देता येणार नाही, आणि चार वर्षे पणाला लावताना ही उणीव दुर्लक्षिण्यासारखी नाही.

तिच्या वडिलांच्या म्हणण्यात तथ्य आहे. हडपसरचे सीरम इन्स्टिट्यूट, हिंजवडीची एमक्युअर, मुळशीकडचे ल्युपिनचे संशोधन केंद्र, कुरकुंभची औद्योगिक वसाहत, शिवाय खराडी व मगरपट्टा भागांतील औषधसुरक्षा आणि क्लिनिकल डेटाची कामे, एवढे सगळे राज्यात फार थोड्या शहरांजवळ आहे. परंतु पहिली तीन वर्षे विद्यार्थी यांतल्या कोणत्याही फाटकाच्या आत जात नाही. अभ्यासक्रमानुसार सहाव्या सत्रानंतर आणि सातवे सुरू होण्यापूर्वी, चार आठवड्यांत मिळून किमान १५० तास कंपनीत, रुग्णालयात किंवा औषध दुकानात प्रशिक्षण घ्यायचे असते. हे सुट्टीतच घ्यायचे असल्याने आपली मुलगी धायरीला घरी राहून ते पुण्यात घेऊ शकते. शासकीय महाविद्यालयाचे माजी विद्यार्थी येथील कंपन्यांत असतील, तर त्यांच्या ओळखीने अशी जागा मिळणे नव्या महाविद्यालयापेक्षा सोपेही जाऊ शकते. पदवीनंतर पुणे काही दूर जात नाही.

यावरून माझा सल्ला असा की शासकीय महाविद्यालयाच्या भेटीत वरील दोन विभागांत कायमस्वरूपी शिक्षक आणि चालू प्रयोगशाळा दिसली, व मुलींच्या वसतिगृहात जागा मिळण्याची खात्री झाली, तर ते पहिल्या क्रमांकावर लिहावे. ती पदे रिक्त असतील आणि पुण्यातील महाविद्यालयाने कलम १२ ची मान्यता व अनुभवी शिक्षक दाखवले, तर पुणे निवडण्यात कमीपणा नाही. वसतिगृहाची खात्री मी मुद्दाम मागतो, कारण अनोळखी गावात खोली भाड्याने घेऊन राहणाऱ्या मुलीचा बराच वेळ जेवण, पाणी आणि येण्याजाण्यातच जातो, आणि फार्मसीचा दिवस प्रॅक्टिकलमुळे मुळातच लांब असतो.

निर्णय महाविद्यालयांचा पसंतीक्रम लिहायचा पर्याय अर्ज भरण्यापूर्वी व्हायला हवा, त्यानंतर नव्हे. कॅपच्या पहिल्या फेरीत पहिल्या पसंतीचे महाविद्यालय मिळाले की ती जागा पक्की मानली जाते व पुढील फेऱ्यांत बदलाची संधी राहत नाही. पुढच्या फेऱ्यांचे नियम अधूनमधून बदलतात, म्हणून सीईटी कक्षाची या वर्षाची माहितीपुस्तिका स्वतः वाचावी, मागील वर्षी प्रवेश घेतलेल्यांच्या सांगण्यावर विसंबू नये. अर्ज भरताना आपल्या मुलीला शेजारी बसवावे आणि क्रम तिने लिहावा.

प्रश्न : मी डी. फार्म. (औषधनिर्माणशास्त्र पदविका) झालो असून हडपसरला एका मेडिकलमध्ये नोंदणीकृत फार्मासिस्ट म्हणून काम करतो. बी. फार्म.च्या थेट दुसऱ्या वर्षासाठी माझ्यासमोर दोन महाविद्यालये आहेत. एक सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी, तर दुसरे लोणेरे येथील डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठाशी संलग्न आहे. कोणत्या पदवीला अधिक किंमत आहे? दुसऱ्या महाविद्यालयात उपस्थितीची फारशी सक्ती नाही, त्यामुळे नोकरी चालू ठेवता येईल असे कळते.
— एक वाचक, हडपसर

उत्तर : दोन्ही विद्यापीठे शासनमान्य असून अभ्यासक्रम पीसीआयचाच आहे, त्यामुळे पदवीच्या मोलात फरक नाही. आपण दुसराच फरक पाहावा. थेट दुसऱ्या वर्षात येणाऱ्या विद्यार्थ्यासमोर तिसऱ्या सत्रात सेंद्रिय रसायनशास्त्राचा दुसरा भाग येतो, पण पहिला भाग त्याने पदवीच्या पातळीवर शिकलेला नसतो. बहुतेक जण येथेच अडखळतात. जे महाविद्यालय अशा विद्यार्थ्यांसाठी सुरुवातीचे काही आठवडे वेगळे तास घेते ते निवडावे. मागील वर्षी थेट दुसऱ्या वर्षात आलेल्या दोघा-तिघांना भेटून त्यांचे तिसऱ्या सत्राचे निकाल विचारले तर हे लगेच कळेल.

उपस्थितीबाबत आपल्याला मिळालेली माहिती हे त्या महाविद्यालयात न जाण्याचे कारण आहे. नियमानुसार प्रत्येक विषयात ८० टक्के उपस्थिती आवश्यक असते. शिवाय डॉक्टरांच्या चिठ्ठीवरील औषध नोंदणीकृत फार्मासिस्टने किंवा त्याच्या देखरेखीखाली द्यायचे असते. आपण वर्गात आणि आपले प्रमाणपत्र दुकानाच्या भिंतीवर, ही व्यवस्था रुग्णासाठी धोक्याची आहे व पकडली गेल्यास आपल्या नोंदणीवरही बेतू शकते. प्रवेश पक्का झाल्यावर दुकानाच्या मालकांना दुसरा फार्मासिस्ट पाहायला सांगावे, आपण काम सोडल्याचे अन्न व औषध प्रशासनाच्या कार्यालयाला लेखी कळवावे आणि त्या पत्राची पोच जपून ठेवावी.