कार्पेट काढताय? आधी स्लाइड-आउट बघा

आरव्हीत, म्हणजे राहायची सोय असलेल्या गाडीत, कार्पेटच्या जागी लॅमिनेट (दाबलेल्या लाकडी भुशाच्या, लाकडासारख्या दिसणाऱ्या फळ्या) टाकायचंय? कार्पेट फाडणं सोपं. जीव जातो तो त्याखालच्या स्टेपल उपटताना. माझ्या जुन्या मोटरहोममध्ये दोन शनिवार-रविवार गुडघ्यांवर बसून पक्कडीने तेच करत होतो. एकही ठेवू नका, नाहीतर पाय पडला की फळी कुरकुरते.

लॅमिनेट विकत घेण्याआधी स्लाइड-आउट (गाडी उभी असताना बाहेर सरकवायचा खोलीचा भाग) सावकाश आत-बाहेर करा आणि कोणी तरी खाली वाकून बघा. फट किती आहे? तो भाग ज्यावर सरकतो तो रोलर कुठून फिरतो? कार्पेट दबतं, फळी दबत नाही. वरून रोलर गेला की चरा पडलाच.

भिंतीलगत 6 ते 10 मिलिमीटर जागा सोडा. फ्लोरिडासारख्या दमट हवेत फळ्या फुगतात, जागा नसली तर मधोमध उंचवटा येतो. म्हणूनच त्या खिळ्यांनी ठोकायच्या नाहीत. कडेची पट्टीसुद्धा भिंतीला मारा, फळीला नाही.

सिंकखाली आणि दाराशी प्लायवूड अंगठ्याने दाबून बघा. मऊ लागलं तर आधी गळती शोधा. लॅमिनेटचा गाभा एकदा भिजून फुगला की पुन्हा बसत नाही. मी तर दुसऱ्या गाडीत सरळ विनाइल प्लँकच (पाण्याने न फुगणाऱ्या प्लास्टिकच्या फळ्या) टाकले. आणि हो, फळ्यांच्या खोक्यांचं वजन गाडीच्या मर्यादेत धरायला विसरू नका.