टॅबलेटवरून मिक्सिंग करणार असाल तर राउटर आधी नीट निवडा

डिजिटल साउंड मिक्सरमध्येच बसवलेल्या वायफायवर कार्यक्रम करू नका, एवढं माझं ऐकाच. रिकाम्या सभागृहात ते छान चालतं. प्रेक्षक आले की शेकडो फोन त्याच हवेत बोलू लागतात, शिवाय माणसांची शरीरं सिग्नल शोषतात. माझ्या टॅबलेटचा मिक्सरशी संपर्क एकदा ऐन गाण्यात तुटला आणि गायिकेच्या मॉनिटरमधली (तिला स्वतःचा आवाज ऐकवणाऱ्या स्पीकरमधली) शिट्टी मला थांबवता येईना. तो अर्धा मिनिट मी विसरलेलो नाही.

वेगळा ड्युअल-बँड (२.४ आणि ५ गिगाहर्ट्झ दोन्हीवर चालणारा) राउटर घ्या आणि लॅन केबलने मिक्सरला जोडा. २.४ गिगाहर्ट्झवर एकमेकांवर न चढणारे चॅनेल जेमतेम तीन: १, ६, ११. म्हणून ५ गिगाहर्ट्झच वापरा, चॅनेल ३६ ते ४८ पैकी एक स्वतः ठरवून, रुंदी २० मेगाहर्ट्झ. चॅनेल 'ऑटो'वर सोडला तर राउटर रडारसोबत वाटून घेतलेल्या चॅनेलवर जाऊ शकतो. तिथे रडारची चाहूल लागली की त्याला चॅनेल सोडावाच लागतो. जाहिरातीतल्या वेगाला भुलू नका, फेडर (आवाज कमी-जास्त करायची सरकपट्टी) हलवायला डेटा फारच थोडा लागतो.

राउटर रॅकमध्ये कोंडू नका, स्टँडवर डोक्यांच्या वर ठेवा. टॅबलेटमधली बाकीची नेटवर्क पुसून टाका. आणि वायफाय गेलंच तर हाताशी असावा म्हणून केबलने जोडलेला एक लॅपटॉप कायम सुरू असू द्या.