वातानुकूलनाच्या निदेशकाने स्वतः काय शिकावे आणि कुठे शिकावे

तुमच्या प्रश्नाचा मथितार्थ मी असा घेतो. एसी आणि फ्रीजच्या दुरुस्तीत काही वर्षे प्रत्यक्ष काम केल्यानंतर तुम्ही कोल्हापुरातल्या एका खाजगी आयटीआयमध्ये रेफ्रिजरेशन आणि एअर कंडिशनिंगच्या ट्रेडला निदेशक (प्रशिक्षक) म्हणून लागलात. वर्षाकाठी मिळणारी थोडी सुट्टी आणि पदरचे थोडे पैसे कोणत्या प्रशिक्षणावर घालावेत, आणि प्रमाणपत्रे जमवून हाती खरोखर काही लागते का, हे तुम्हाला जाणून घ्यायचे आहे. हा ट्रेड मी याच जिल्ह्यात दीर्घकाळ शिकवला आहे आणि नव्या निदेशकांबरोबर बसून त्यांचे पाठही पाहिले आहेत, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

नियमाची बाजू आधी मार्गी लावा. केंद्राच्या प्रशिक्षण महासंचालनालयाची शिल्प निदेशक प्रशिक्षण योजना, जिला आपण सगळे सीआयटीएस म्हणतो, तिचे प्रमाणपत्र नसेल तर पुढे प्रत्येक टप्प्यावर अडचण येते. नियमित अभ्यासक्रम एक वर्षाचा असून तो राष्ट्रीय कौशल्य प्रशिक्षण संस्थांमध्ये चालतो. आधीपासून शिकवत असलेल्यांसाठी पूर्वानुभव ग्राह्य धरणारा मार्गही आहे, त्याची चौकशी तुमच्या प्राचार्यांमार्फत करा. या अभ्यासक्रमात ट्रेडच्या तांत्रिक भागाबरोबर शिकवण्याच्या पद्धतीचा स्वतंत्र भाग असतो. दुकानातून थेट वर्गात आलेले निदेशक हा दुसरा भाग केवळ उत्तीर्ण होण्यापुरता वाचतात, आणि माझ्या मते त्यांचे सर्वांत मोठे नुकसान तिथेच होते.

ब्रेझिंगचेच, म्हणजे नळ्या वितळवलेल्या सळईने जोडण्याचेच पाहा. तुम्ही तांब्याचा जोड डोळे मिटून कराल. पण ज्योत कधी मागे घ्यायची आणि सळई कधी लावायची हे तुमच्या हाताला माहीत असते, तोंडाने सांगता येत नाही, आणि समोरच्या मुलाला मात्र ते शब्दांतच हवे असते. म्हणून एकदा तो जोड सावकाश, काहीही न बोलता करून दाखवा, दुसऱ्यांदा प्रत्येक कृती सांगत करा आणि तिसऱ्यांदा तुम्ही जोड करत असताना मुलांकडून पुढची कृती वदवून घ्या. त्यानंतरच टॉर्च त्यांच्या हातात द्या. नळी मंद लालसर होईपर्यंत तापवायची, सळई ज्योतीने न वितळवता नळीच्या उष्णतेने वितळू द्यायची, तांब्याला तांबे जोडताना फॉस्फरसयुक्त सळईला फ्लक्स (सांध्यावर ऑक्साइड धरू न देणारी पेस्ट) लागत नाही पण तांब्याला लोखंड जोडताना चांदीची सळई आणि फ्लक्स दोन्ही लागतात, एवढे तरी तुम्हाला स्पष्ट शब्दांत सांगता आले पाहिजे. मग दोन जोड करा, एक नळीतून नायट्रोजन हळू वाहता ठेवून आणि दुसरा त्याशिवाय. दोन्ही हॅकसॉने उभे कापून टेबलावर शेजारी ठेवा. एका नळीची आतली बाजू चकचकीत असते, दुसरीत काळी खपली धरलेली असते, आणि हीच खपली सुटून कॅपिलरीत, म्हणजे गॅस जाण्याच्या अतिशय बारीक नळीत, अडकते हे मुलांना वेगळे समजावून सांगावे लागत नाही. असे एक प्रात्यक्षिक बसवणे हा निदेशकाचा खराखुरा विकास आहे, मग त्याचे प्रमाणपत्र मिळो वा न मिळो.

आता तांत्रिक भागाकडे येतो. तुमच्यापुढचे पहिले काम नव्या गॅसचे आहे, बाकी सगळे त्यानंतर. ओझोन थर वाचवण्याच्या मॉन्ट्रियल करारानुसार भारताला आर-२२ चा, म्हणजे एसीतल्या जुन्या नेहमीच्या गॅसचा, वापर २०३० पर्यंत जवळजवळ संपवायचा आहे. याच कराराच्या २०१६ च्या किगाली दुरुस्तीला आपण २०२१ मध्ये मान्यता दिली असून त्यानुसार एचएफसी (आर-२२ सारख्यांच्या जागी आलेल्या, पण पृथ्वी तापवणाऱ्या) वायूंचा वापर २०२८ मध्ये गोठवायचा, २०३२ पासून कमी करत जायचा आणि २०४७ पर्यंत ८५ टक्क्यांनी खाली आणायचा आहे. आज सतरा-अठरा वर्षांचा जो मुलगा तुमच्या वर्गात बसतो, तो २०४७ मध्ये चाळिशीच्या आसपास, ऐन कामाच्या वयात असेल. त्याला फक्त आर-२२ वर हात बसवून बाहेर पाठवणे योग्य होणार नाही.

नवे वायू बहुतांशी ज्वलनशील आहेत. आर-३२ सौम्य ज्वलनशील आहे. आर-२९० म्हणजे प्रोपेन आणि आर-६००ए म्हणजे आयसोब्युटेन हे सरळ पेट घेणारे आहेत. तिन्ही हवेपेक्षा जड असल्यामुळे गळती झाली की जमिनीलगत साचतात. आर-६००ए च्या फ्रीजवर जुन्या सवयी कशा फसवतात ते नीट समजून घ्या. घरगुती फ्रीजमध्ये हा गॅस साधारण पन्नास ग्रॅमच्या आसपास असतो, त्यामुळे लांब होजमध्ये राहून गेलेले काही ग्रॅमही चार्ज (भरलेल्या गॅसचे प्रमाण) बिघडवायला पुरतात. फ्रीज चालू असताना त्याचा सक्शनचा, म्हणजे कॉम्प्रेसरकडे गॅस परतणाऱ्या बाजूचा, दाब वातावरणाच्या दाबाखाली जातो. गेजचा काटा व्हॅक्यूमकडे गेलेला पाहून मुलगा म्हणतो, "सर, गॅस कमी आहे," आणि भरत सुटतो. प्रत्यक्षात चार्ज बरोबर असतो. शिवाय त्या बाजूला गळती असली तर गॅस बाहेर येण्याऐवजी हवा आत ओढली जाते. एका ग्रॅमपर्यंत वजन दाखवणारा काटा, गॅस भरण्याआधी वजन, भरल्यावर पुन्हा वजन, ही शिस्त आधी तुमच्या स्वतःच्या हाताला लागली पाहिजे.

इन्व्हर्टर एसीचेही असेच आहे. कॉम्प्रेसरचा वेग सतत बदलत असल्याने नुसत्या सक्शन प्रेशरवरून गॅसचा अंदाज बांधता येत नाही. कंपनीने दिलेला टेस्ट मोड वापरावा लागतो किंवा सगळा गॅस काढून मोजून भरावा लागतो. बाहेरच्या युनिटच्या पीसीबीवरील (इलेक्ट्रॉनिक पट्टीवरील) कपॅसिटरमध्ये वीज बंद केल्यानंतरही तीनशे व्होल्टच्या वर डीसी काही काळ टिकून राहतो. थांबून, मीटर लावून खात्री केल्याशिवाय कोणाचाही हात तिथे जाता कामा नये. या विषयावर उत्पादक कंपन्या आपल्या सर्व्हिस केंद्रांच्या लोकांसाठी एक-दोन दिवसांचे वर्ग घेतात. संस्थेच्या पत्रावर विनंती केली तर निदेशकाला मागच्या बाकावर जागा मिळू शकते, हा माझा अनुभव आहे. ओझोन संरक्षणाच्या सरकारी कार्यक्रमांतर्गत तंत्रज्ञांसाठी सुरक्षित सर्व्हिसिंगची प्रशिक्षणे होतात, तीही सोडू नका. रिकव्हरी मशीन (सिस्टिममधला गॅस काढून सिलिंडरमध्ये भरणारे यंत्र) हाताळण्याची चांगली संधी तिथे मिळते. रिकव्हरी सिलिंडर ८० टक्क्यांपेक्षा जास्त भरायचा नाही आणि गळती तपासायला ऑक्सिजन कधीही वापरायचा नाही, कारण तेलाशी गाठ पडली की स्फोट होतो, या दोन गोष्टी मात्र कोणत्याही प्रशिक्षणाची वाट न पाहता उद्यापासून वर्गात सांगायला हव्यात.

कोल्हापूरच्या निदेशकाला घराजवळ जे शिकायला मिळते, ते मुंबई-पुण्याच्या निदेशकाला सहज मिळत नाही. आपल्याकडे दुधाचा धंदा मोठा आहे. गोकुळ आणि वारणासारख्या संघांमुळे गावोगावी बल्क कूलर आहेत, ज्यांत धारेचे कोमट दूध ४ अंशांपर्यंत आणले जाते, आणि मोठ्या प्रक्रिया केंद्रांत अमोनियाचे प्लांट चालतात. अमोनिया उणे ३३ अंशांना उकळतो आणि तांब्याला खातो, म्हणून तिथले सारे पाइप लोखंडाचे किंवा पोलादाचे असतात; त्याचा वास अगदी थोड्या प्रमाणातही जाणवतो, पण जास्त प्रमाणात तो जीवघेणा आहे. तिथे प्लांट चालवणाऱ्या ऑपरेटरशेजारी उभे राहून लॉगबुक कसे भरतात, तेल कसे काढतात, हवा कशी बाहेर घालवतात हे पाहण्यात एक आठवडा घालवला, तर वर्गात आकृती काढून शिकवलेल्या इंडस्ट्रियल प्लांटला अर्थ येतो. आपल्या ट्रेडमध्ये तापवण्याची बाजू फार दुर्लक्षित राहते. दूध थंड करताना कंडेन्सरवर जी उष्णता वाया जाते, तिच्यातून कॅन धुण्याचे पाणी गरम करण्याची सोय काही ठिकाणी केलेली असते, ती पाहिली की हीट पंपाचे (उष्णता एकीकडून उचलून दुसरीकडे देणाऱ्या यंत्राचे) तत्त्व मुलांना एका भेटीत कळते.

मार्च ते मे या सीझनमध्ये, संस्थेच्या वेळेबाहेर, एखाद्या चांगल्या दुरुस्तीच्या दुकानात महिन्यातून काही दिवस काम करा, आणि त्यासाठी प्राचार्यांची लेखी परवानगी घ्या. तुम्ही दुकान सोडले तेव्हाचे तुमचे ज्ञान तिथेच थांबते. बाजार थांबत नाही. जूननंतरचे आपल्याकडचे दिवस व्हॅक्यूम (सिस्टिममधली हवा आणि ओलावा पंपाने ओढून काढणे) शिकवायला उत्तम असतात, कारण कॉम्प्रेसरमधले पीओई तेल हवेतला ओलावा झपाट्याने शोषते आणि पावसाळ्यात सिस्टिम उघडी राहिली तर काय होते ते व्हॅक्यूम मोजणाऱ्या मायक्रॉन गेजवर दिसते. पंप बंद केल्यावर ५०० मायक्रॉनवरून आकडा वर चढत जाऊन मध्येच स्थिरावला तर ओलावा आहे, चढतच राहिला तर गळती आहे. हे मुलांना स्वतः नोंदवायला लावा.

वाचनाबद्दल थोडक्यात सांगतो. भारत स्किल्सच्या संकेतस्थळावरचे साहित्य आणि निमी या सरकारी संस्थेची आयटीआयसाठीची पुस्तके पायाभूत आहेत, पण बाजार त्यांच्या पुढे धावतो, म्हणून उत्पादकांची सर्व्हिस मॅन्युअले सोबत ठेवा. थर्मोडायनॅमिक्स कच्चे वाटत असेल तर एनपीटीईएलचे (आयआयटींच्या ऑनलाइन शिक्षण उपक्रमाचे) पाठ सवडीने पाहा. इशरे या अभियंत्यांच्या संस्थेच्या सभा आणि तिचे ॲक्रेक्स प्रदर्शन नवी उपकरणे पाहण्यासाठी उपयोगी आहे. मात्र तिकडचा बराचसा भाग मोठ्या इमारतींच्या डिझाइनचा असतो, तेव्हा दरवर्षी जाण्याची गरज नाही.

प्रशिक्षण निवडताना मी एकच कसोटी लावतो. परत आल्यावर महिन्याच्या आत आपल्या कार्यशाळेतले किमान एक प्रात्यक्षिक बदलले पाहिजे, आणि बदललेली कृतीपत्रिका भिंतीवर लागली पाहिजे. प्राचार्यांकडे रजा मागताना याच भाषेत मागा. "ज्ञानवृद्धीसाठी" असे लिहिण्याऐवजी "आर-६००ए चार्जिंगचे नवे प्रात्यक्षिक बसवण्यासाठी" असे लिहिले की, त्यासाठी लागणारा वजनकाटा आणि गळती शोधणारे उपकरण यांची मागणीही त्याच अर्जात जोडता येते. या वर्षी पदरचे पैसे घालायचेच असतील तर पहिल्यांदा तो वजनकाटा घ्या. मायक्रॉन गेज संस्थेकडून मिळेपर्यंत थांबता येईल, आणि तोवर डेअरीच्या भेटीचे पत्र तयार करून ठेवा, कारण अमोनियाच्या प्लांटवर परवानगी मिळायला वेळ लागतो.