आधी स्पीकर ठरवा, मग व्हॉल्व्ह

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक. मुलाने 300बी व्हॉल्व्हचा (काचेच्या निर्वात नळीचा) आठ वॅटचा सिंगल-एंडेड, म्हणजे आवाजाची पूर्ण लाट एकाच व्हॉल्व्हने पेलणारा ॲम्प्लिफायर आणून दिला आहे. जुन्या बुकशेल्फ स्पीकरवर विलंबित ख्याल सुंदर वाजतो, पण द्रुत सुरू होऊन तबला चढला की आवाज फाटतो. स्पीकरमागे ‘85 डीबी, 4 ओहम’ असे लिहिले आहे. हॉल बारा बाय पंधराचा. दुकानदार चाळीस वॅटचा ॲम्प्लिफायर घ्या म्हणतो. घेऊ का?
— एक वाचक, राजारामपुरी

उत्तर : नको सर. मुलानं चांगली वस्तू आणलीय, फक्त तिची गाठ भलत्याच स्पीकरशी पडलीय.

आधी त्या 85 कडं बघू. स्पीकरला 2.83 व्होल्ट दिल्यावर एक मीटरवर किती डेसिबल आवाज येतो, तो आकडा बहुतेक कंपन्या छापतात. एवढे व्होल्ट म्हणजे 8 ओहमच्या स्पीकरला एक वॅट, पण 4 ओहमच्या स्पीकरला दोन. वॅट दुप्पट झाले की 3 डेसिबल वाढतात. म्हणजे वॅटच्या हिशोबात तुमचे 85 हे 82 च भरतात. आकडा खोटा नाही, पण व्हॉल्व्हवाल्यानं तो तसाच गिळायचा नसतो.

आता मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवून स्पीकरच्या दोन टर्मिनलना लावा आणि नेहमीच्या आवाजात गाणं चालू करा. समजा, मीटर एक व्होल्टच्या आसपास खेळतोय. 4 ओहमला तो झाला पाव वॅट. वाटतं, आठ वॅट म्हणजे चंगळच! पण तबल्याची थाप सरासरीच्या वर 15 ते 20 डेसिबल उडी मारू शकते आणि ती उडी मीटरला दिसत नाही. 15 डेसिबल म्हणजे 32 पट, 20 म्हणजे 100 पट. पाव वॅटाचे बघता बघता आठ ते पंचवीस वॅट होतात, आणि तिथंच तुमचा आवाज फाटतो.

चाळीस वॅटनं 7 डेसिबल पदरात पडतील. 96 डेसिबलचा, 8 ओहमचा स्पीकर आणलात तर आहे त्या आठ वॅटमध्येच 14 (96 वजा 82) पडतील. तेवढा आवाज तुमच्या आत्ताच्या स्पीकरमधून काढायचा तर 200 वॅट लागतील. दुकानदाराला हे गणित येत नाही असं नाही. ॲम्प्लिफायर काउंटरवर मावतो, मोठं खोकं ठेवायला त्याच्याकडं जागा कुठली?

खोकं मोठंच येणार, हे घरात आधी सांगून ठेवा. लहान खोकं, खोल खर्ज आणि कमी वॅटमध्ये मोठा आवाज, यातलं कुठलंही दोन मिळतं, तिसरं सोडावं लागतं. हा हॉफमनचा नियम. केएलएच या अमेरिकन स्पीकर कंपनीच्या नावातला ‘एच’ तो हाच हॉफमन. सिनेमावाल्यांनी यातलं लहान खोकं सोडलं. आपल्या कोल्हापुरात 1929 साली प्रभात सुरू झाली, त्यानंतर लवकरच बोलपट आले. त्या काळात थिएटरचे ॲम्प्लिफायर दहा-वीस वॅटचे असायचे. तेवढ्यावर शेवटच्या रांगेपर्यंत संवाद पोचवायचा, म्हणून पडद्यामागं खोलीएवढे हॉर्न, म्हणजे कर्ण्यासारखे भोंगे, उभे केले जायचे. तुमची 300बी त्याच घराण्यातली, 1938 ची. पॉल क्लिप्शनं 1946 साली घरासाठी हॉर्न काढला, तोही खोलीचा कोपरा अडवणारा. भिंतींनाच तो हॉर्नचा पुढचा भाग करून टाकतो. आपल्याकडच्या हॉलमध्ये कोपऱ्यात दार नाहीतर देवघर, त्यामुळं त्याच्या वाटेला मी कुणाला पाठवत नाही.

तुमच्यासाठी 94 च्या वरचा, 8 ओहमचा, दहा-बारा इंची वूफरचा (खर्ज वाजवणाऱ्या मोठ्या पडद्याचा) स्पीकर बघा. पण नुसत्या डेसिबलवर भाळू नका, ओहमचा आलेख मागा. 8 ओहम हा नावापुरता आकडा असतो. स्पीकर एखाद्या सुरावर 4 पर्यंत उतरतो, खर्जात 30 वर चढतो. ट्रान्झिस्टरला त्याचं फारसं काही वाटत नाही. फीडबॅक (बाहेर पडणारा सिग्नल थोडा परत आत नेऊन चूक सुधारणं) नसलेल्या 300बीचा स्वतःचा अंतर्गत रोध मात्र दोन-अडीच ओहम असतो. अडीच धरला तर 30 आणि 4 ओहमच्या जागांत साडेतीन डेसिबलचा फरक पडतो. तो डग्ग्यात ऐकू येतो, घुमारा उरतो आणि बोल हरवतो. म्हणून आलेख जितका सपाट तितकं बरं, आणि 6 च्या खाली उतरलेला नको.

ऐकायला जाताना तुमचाच ॲम्प्लिफायर रिक्षात घालून न्या. व्हॉल्व्ह काढून वेगळे, कापडात गुंडाळून. केसरबाई केरकरांच्या जुन्या तबकड्यांवर परीक्षा घेऊ नका, त्यात मुळातच खर्ज कमी. तानपुरा आणि डग्गा स्वच्छ असलेलं अलीकडचं ध्वनिमुद्रण घ्या. डग्गा सैल वाटला तर 8 ओहमचा स्पीकर ॲम्प्लिफायरच्या 4 ओहमच्या टर्मिनलवर लावून बघा. थोडे वॅट जातात, पण ॲम्प्लिफायरची स्पीकरवरची पकड घट्ट होते. आणि हो, आत्ताचे स्पीकर 8 च्या टर्मिनलवर लावले नाहीत ना, ते आजच बघा.

प्रश्न : माझ्याकडे डॉल्बीवाल्या मित्राचे बारा इंची, 98 डीबीचे दोन स्पीकर पडून आहेत. घरी व्हॉल्व्हवर चालतील का?
— एक वाचक, शिवाजी पेठ

उत्तर : चालतील की भावा! व्हॉल्व्हच्या ढिल्या पकडीला असे जड मॅग्नेटचे, कडक कोनचे (शंकूसारख्या पडद्याचे) स्पीकर उलट मानवतात. पण मिरवणुकीत छाती हलवणारा खर्ज घरात मिळेल या भ्रमात राहू नका. या स्पीकरची नैसर्गिक कंपनसंख्या बऱ्याचदा 50-60 हर्ट्झच्या घरात असते, त्याखाली ते लवकर गळतात. तिथं खर्ज येतो तो अठरा इंची बेसच्या भिंतीतून.

खरी अडचण वरच्या हॉर्नची. तो वूफरपेक्षाही मोठ्यानं बोलतो, कधी 105 च्याही वर. एल-पॅड (आवाज उतरवणारी रेझिस्टरची जोडणी) लावून त्याला वूफरच्या पातळीवर आणल्याशिवाय घरात बसणं होणार नाही. कोन फाटून फेविकॉलनं चिकटवलेला असेल तर मित्राचा मित्रालाच परत द्या.

प्रश्न : सिंगल-एंडेडचा आउटपुट ट्रान्सफॉर्मर (व्हॉल्व्ह आणि स्पीकर यांच्यामधला) उद्यमनगरात भरून, म्हणजे तार गुंडाळून, मिळेल का?
— एक वाचक, गडहिंग्लज

उत्तर : मोटर भरणाऱ्याचा हात उत्तम असतो, पण त्याला नुसतं ‘ट्रान्सफॉर्मर भरा’ म्हणून सोडू नका. सिंगल-एंडेडमध्ये प्रायमरीतून (व्हॉल्व्हकडच्या गुंडाळीतून) सतत डीसी वाहतो, 300बीला साधारण 60 ते 80 मिलीॲम्पियर. गाभ्याच्या लोखंडी पट्ट्या नेहमीसारख्या आलटून-पालटून घातल्या तर गाभा संपृक्त होतो (त्यात आणखी चुंबकत्व मावत नाही) आणि खर्ज मरतो. सगळ्या ‘ई’ (E) आकाराच्या पट्ट्या एका बाजूला, सगळ्या ‘आय’ (I) दुसऱ्या बाजूला, मध्ये कागदाची फट. प्रायमरी आणि सेकंडरी (स्पीकरकडची गुंडाळी) यांचे थर एकाआड एक. आणि त्याच वॅटच्या पॉवर ट्रान्सफॉर्मरपेक्षा गाभा बराच मोठा. हे कागदावर काढून द्या.

तपासताना स्पीकर किंवा 8 ओहमचा जाड रेझिस्टर जोडल्याशिवाय गाणं सोडू नका, नाहीतर नवं वाइंडिंग आतल्या आत ठिणगी खाऊन जातं. बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये तीन-चारशे व्होल्ट राहतात. ते उतरलेत हे मीटरनं बघायचं, मगच आत हात घालायचा.