व्हिडिओ बघून डाव शिकता येतात का?

प्रश्न : ताई, मी साताऱ्यात नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. संध्याकाळची ड्यूटी संपवून येताना रस्ता सामसूम असतो. जवळ क्लास नाही, म्हणून रूममेट आणि मी तीन महिने ब्राझिलियन जिउ-जित्सूचे (जमिनीवर पकडी आणि फास घालून लढायच्या विद्येचे) व्हिडिओ लावून गादीवर सराव करतो. गेल्या आठवड्यात तिने मागून गळ्याला हाताचा फास घातला आणि माझ्या डोळ्यांपुढे अंधारी आली. बंद करावं का? आणि वेळेला यातलं काही कामी येतं का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : सराव बंद करू नकोस, फास मात्र आजपासून बंद. मानेची नाडी कुठे बघतात हे तुला मी सांगायला नको. नीट बसलेल्या फासात दोन्ही बाजूंच्या त्याच रक्तवाहिन्या दाबल्या जातात आणि दहाएक सेकंदांत शुद्ध जाते. घुसमट फारशी होत नाही, म्हणून धोका कळत नाही. व्हिडिओत खालचा माणूस हाताने दोन थापा मारतो, ती ‘सोड’ म्हणायची खूण. थाप पडली की त्याच क्षणी हात सुटलाच पाहिजे. आधी दोघी एवढंच घोटा. टाच पिळायच्या पकडीच्या वाटेला तर जाऊच नका. तिथे दुखायला लागायच्या आत गुडघ्याचं लिगामेंट गेलेलं असतं.

आता कामी येण्याचं. मी कोल्हापूरच्या तांबड्या मातीत वाढले. आमच्यात पाठ टेकली की कुस्ती संपली, त्यामुळे पडताना अंग आपोआप पोटावर वळतं. तिशीनंतर पुण्यात जिउ-जित्सूच्या मॅटवर उतरले, तेव्हा माझ्याहून दहा किलोंनी हलक्या मुलीने पहिल्याच दिवशी चारदा मला मागून फास घातला. चारही वेळा मी तिला पाठ दिली होती. पाठीवर पडून, समोरच्याच्या आणि आपल्या मध्ये पाय घालून लढायचं हे मला व्हिडिओ बघून आधीच माहीत होतं. अंगाला कळायला सहा महिने गेले, आणि ते कळलं न सोडणाऱ्या माणसाच्या वजनाखाली.

ही विद्या दमदार आहे यात शंका नाही. जपानी ज्युदोपटू मित्सुयो माएदा १९१४ मध्ये ब्राझीलला पोचले, त्यांच्याकडून कार्लोस ग्रेसी शिकले. त्यांचे धाकटे भाऊ हेलिओ अंगाने किरकोळ. त्यांनी ताकदीपेक्षा तरफेवर भर दिला. हेलिओंचा मुलगा रॉयस याने १९९३ मध्ये डेन्व्हरला, वेगवेगळ्या विद्यांचे लढवय्ये भिडतात त्या यूएफसी स्पर्धेच्या पहिल्या खेपेत, आपल्याहून जड गड्यांना शरण आणलं. पण तिथे समोर एका वेळी एकच जण होता, आणि पंचही होता. तुझ्या रस्त्यावर दुसरा कुणी मागून येऊ शकतो. म्हणून तुला पकड घालून बसायचं नाही, सुटायचं आहे.

या महिन्यात एकच डाव घे. मैत्रिणीला छातीवर बसव. तिचा एक हात दोन्ही हातांनी आपल्या छातीशी आवळ, त्याच बाजूचा तिचा पाय आपल्या पायाने बाहेरून अडव, मग कंबर जोरात वर उचलून त्याच खांद्यावरून तिला उलथव. उलथली की लगेच उठून दारापर्यंत पळ. पळणं हा डावाचाच भाग आहे, तो गाळू नकोस. आठवडाभर तिने सैल बसावं, नंतर तिला सांग, ‘काही केल्या उठू नकोस.’ तेव्हा दहातून किती वेळा सुटलीस ते वहीत लिही. बाहेर सुटलीस तर उजेडाकडे, माणसांकडे जा आणि ११२ लाव.

जिउ-जित्सूच हवं असा हट्ट नको. ज्युदोचा वर्ग किंवा मुलींना घेणारी तालीम सापडली, तर महिन्यातून दोन रविवार तरी अनोळखी अंगाशी झोंबी घे. आणि त्या फासानंतर मान दुखत असेल, गिळताना त्रास होत असेल, आवाज बसला असेल किंवा पुन्हा चक्कर आली, तर तुझ्या हॉस्पिटलातल्या डॉक्टरांना आजच दाखव. काय झालं ते खरं सांग, लपवू नकोस.