वाचक विचारतात : सिनेमा फसला की टीव्हीची सेटिंग?

प्रश्न : नवा 55 इंची टीव्ही घेतला, पण त्यावर कुठलाही सिनेमा रोजच्या मालिकेसारखा दिसतो. मुलाचं म्हणणं, जुने सिनेमे असेच असतात. खरं आहे का? (सांगली)

उत्तर : नाही, आणि या कारणावरून चांगल्या सिनेमांना नावं ठेवली जातात याचं वाईट वाटतं. सिनेमा सेकंदाला 24 चित्रांनी चालतो. टीव्हीचा पडदा मात्र सेकंदाला 60 किंवा 120 वेळा ताजा होतो. ही तफावत भरून काढायला टीव्ही लागोपाठच्या दोन चित्रांमधली चित्रं स्वतःच बनवून घुसवतो. हालचाल तुळतुळीत होते. टीव्हीसाठी व्हिडिओवर चित्रित झालेल्या मालिकांची हालचाल मुळातच अशी असते, म्हणून नजरेला सिनेमाही मालिका वाटतो. शिवाय जाळीमागून कुणी पळालं की अंगाभोवतीचं चित्र विरघळल्यासारखं होतं.

उपाय दोन मिनिटांचा आहे. सिनेमा चालू ठेवून सेटिंग्जमध्ये पिक्चर उघडा. सोनीवर ‘मोशनफ्लो’, एलजीवर ‘ट्रूमोशन’, सॅमसंगवर ‘पिक्चर क्लॅरिटी’ (जुन्या संचांवर ‘ऑटो मोशन प्लस’) या नावाची सोय बंद करा. ‘फिल्ममेकर मोड’ दिसला तर सरळ तोच निवडा. तो हे सगळं एकदम बंद करतो. शार्पनेसही खाली आणा. बहुतेक संचांवर 0 ते 10 पुरे, सोनीवर मात्र तटस्थ आकडा 50 आहे, त्याखाली गेलात तर चित्र मऊ पडेल.

यानंतर कॅमेरा आडवा फिरताना चित्र किंचित अडखळेल. 60 ला 24 ने नीट भाग जात नाही, त्यामुळे 60 च्या पडद्यावर एक चित्र तीनदा आणि पुढचं दोनदा दाखवावं लागतं. 120 च्या पडद्यावर प्रत्येक चित्र पाच वेळा येतं, तिथे हा त्रास नाही. फारच खुपलं तर ती सोय सर्वांत कमी पातळीवर ठेवा. क्रिकेटसाठी वेगळा पिक्चर मोड ठेवा. तिथे ती चालू असली तरी बिघडत नाही.

प्रश्न : ‘संत तुकाराम’ लावला की दोन्ही बाजूंना काळे पट्टे येतात. झूम करून पाहावा का? (नागपूर)

उत्तर : कृपा करून नको. 1936 चा तो सिनेमा जवळपास 4:3 च्या (रुंदी 4 तर उंची 3) चौकटीत आहे आणि तुमचा पडदा 16:9. झूम केलंत तर चित्राची सुमारे पाव उंची वरखाली मिळून कापली जाते. ताणलंत तर सगळे चेहरे रुंद होतात. सिनेमास्कोपमध्ये, म्हणजे खूप रुंद चौकटीच्या सिनेमात, पट्टे वरखाली येतात, आणि तिथे झूम केल्यास रुंदीतला साधारण चौथा हिस्सा जातो. ‘कागज के फूल’ (1959) हा आपल्याकडचा पहिला सिनेमास्कोप चित्रपट. दोन माणसं पडद्याच्या दोन टोकांना उभी करायची सोय त्या रुंदीमुळे होते. कडा कापल्या की त्यांच्यातलं अंतरच उरत नाही.

कधी कधी प्रतच आधी कापलेली असते. ओळखायचं कसं? सुरुवातीची श्रेयनामावली पाहा. नावांची अक्षरं कडेला तुटत असतील किंवा माणसांची कपाळं सतत कापली जात असतील, तर दुसरी प्रत शोधा.

प्रश्न : ओटीटीवर संवाद ऐकू येत नाहीत म्हणून आवाज वाढवावा, तर मारामारीत घर दणाणतं. (ठाणे)

उत्तर : 5.1 ध्वनीत (पाच स्पीकर आणि खर्जासाठी एक वेगळा) संवाद मुख्यतः मधल्या स्पीकरसाठी असतात. बहुतेक टीव्हींना तो स्पीकरच नसतो. सहा वाटांचा आवाज दोन बारक्या, बहुधा खाली तोंड असलेल्या स्पीकरांत कोंबला जातो. आधी अ‍ॅपच्या ऑडिओ यादीत 5.1 ऐवजी स्टिरिओ निवडा. मग टीव्हीचा ‘नाइट मोड’ किंवा संवाद ठळक करणारी सोय चालू करा. साउंडबार घेणार असाल तर आकड्यांकडे नीट पाहा : 2.1 मध्ये मधला स्पीकर नसतो, 3.1 मध्ये असतो. संवादांसाठी तोच फरक महत्त्वाचा. वॅटच्या जाहिरातीला भुलू नका.

प्रश्न : मराठीत डब केलेली कोरियन मालिका पाहताना खालचं भाषांतर वेगळंच असतं. कुणाचं चुकतं? (पणजी)

उत्तर : बहुतेक वेळा कुणाचंच नाही. डबिंगला ओठांच्या हालचालीत आणि तेवढ्याच वेळात वाक्य बसवावं लागतं. सबटायटलला दोन ओळींत, वाचून होईल इतकं आटोपशीर राहावं लागतं. दोन्ही कामं सहसा वेगवेगळी माणसं करतात. यादीत त्याच भाषेचं ‘सीसी’ (क्लोज्ड कॅप्शन, म्हणजे ऐकू येणारं लिहून दाखवणारी ओळ) असेल तर ते लावून पाहा, ते अनेकदा डब संवादांबरहुकूम असतं. पण अभिनयावर मत द्यायचं असेल तर मूळ कोरियन आवाज ठेवा आणि सबटायटल वाचा. डब आवाजावरून नटाला सुमार ठरवणं अन्यायाचं आहे. तो आवाज त्याचा नसतोच.